हिंदुरावाची चौथी

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या गोजरबाईला आफ्रिकेला जायचं होतं. हसू नका. बाईनं पुण्याचंसुद्धा तोंड पाहिलेलं नव्हतं हे खरं, पण नवराच डर्बनला असल्यावर तिनं जायचं तरी कुठं? हिंदुराव मिसरूड फुटायच्या वयात चुलत्याबरोबर तिकडे गेला आणि एका हॉटेलच्या धुलाईखान्यात चिकटला. पुढे तिकडच्या सरकारनं आपल्या माणसांना दार बंद केलं, तेव्हा हा नशिबानं दाराच्या आत होता. मधूनमधून गावी यायचा. अशाच एका फेरीत, म्हणजे सव्वीस-सत्तावीस साली, त्यानं मैंदर्गीत गोजरशी लग्न लावलं, चार महिने संसार केला आणि नोकरी जाईल म्हणून पुन्हा बोटीत बसला. कागद झाले की बोलावतो, म्हणाला.

कागद व्हायला काय लागतं ते त्या बिचारीला काय ठाऊक! तिकडचा कायदा असा होता, की तिथं राहणाऱ्याला बायको आणता येईल, पण एकच. शिवाय ती खरोखर त्याचीच बायको आहे असा दाखला इकडच्या साहेबानं द्यायचा. हिंदुरावानं तिकडे अर्ज केला. तो समुद्र ओलांडून सोलापूरच्या कचेरीत आला आणि तिथंच मुक्कामाला राहिला. गोजरबाई मैंदर्गीहून उठून भवानी पेठेत नणंदेकडे राहायला आली. नणंद शिवबाई, हिंदुरावाची थोरली बहीण, विधवा, गिरणीत कामाला होती. तिनं गोजरलाही कामाला लावलं.

कचेरीच्या आवारात लिंबाखाली वेणीमाधवराव अर्ज लिहीत बसत. शुक्रवार पेठेतला हा बामण जिभेचा फटकळ, पण मनाचा चांगला. गोजरबाईचं काम त्यांनी अंगावर घेतलं. आज पाटलाचा जबाब पाहिजे, तो आणला तर उद्या लग्न लावणाऱ्या भटजीचा पाहिजे. भटजी आले तर साहेब दौऱ्यावर. फोटो काढला तर पदरामुळं तोंड दिसत नाही म्हणून परत. आतला शिपाई तिला बघितलं की म्हणायचा, आली बघा डर्बनची राणी. आधी ती लाजायची, मग तिला रडू यायचं, पुढं पुढं काहीच वाटेनासं झालं. गल्लीतल्या बाया मात्र तोंडावर बोलायच्या, की तिकडं त्यानं कुणी काळी ठेवली असणार. हे ऐकलं की ती घागर उचलून घरात निघून जायची.

शेवटी एकदाचं साहेबापुढं बोलावणं आलं. साहेब गोरा, नवा. जबाब मराठीतून इंग्रजीत सांगायला एक कारकून उभा. त्याला साहेबाची सक्त ताकीद होती, की बाई बोलेल तेवढंच सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही. गाव कोणतं, सासऱ्याचं नाव काय, नवऱ्याच्या अंगावर खूण कुठली, सगळं गोजरबाईनं नीट सांगितलं. मग साहेबानं विचारलं, नवऱ्याची तू कितवी?

"चौथी," गोजरबाई म्हणाली.

साहेबानं मान वर केली. अर्जात हिंदुरावानं लिहिलं होतं, पहिल्या दोघी वारल्या, आता ही. मग मधली एक कुठाय? गोजरबाई म्हणाली, "मैंदर्गीला हाय, मारुतीच्या देवळामागं." जिवंत आहे का? "असंल की. मी गावास्नं आले तवा तर हुती."

आता ही मधली म्हणजे कोण ते सांगतो. ते होतं रुईचं झाड. तिसरं लग्न माणसाला लाभत नाही, ते नवऱ्याला गिळतं, अशी आपल्याकडे समजूत. म्हणून तिसरेपणाचं लग्न रुईशी लावतात. झाडाला हळदकुंकू, झाडाला मणी, झाडावर अक्षता. जे काही अरिष्ट असेल ते झाडानं घ्यायचं आणि पुढची नवरी चौथी म्हणून घरात यायची. हिंदुरावाचं तसंच झालं होतं. शिवबाईनं स्वतः रुईला पदर पांघरला होता आणि गोजरच्या कानात सांगितलं होतं, की बाई गं, कुणी कधीही विचारो, तू चौथी. तिसरी हा शब्द तोंडातून काढलास तर ते झाडावरचं उतरून माझ्या भावाच्या डोक्यावर बसेल.

कारकून इथलाच. त्याला सगळं कळलं होतं, पण नोकरीला भिऊन गप्प बसला. मेल्याच्या तोंडून, साहेब ते झाड आहे, एवढं एक वाक्य निघालं असतं तर? पण नाही. बाई बोलली तेवढंच त्यानं सांगितलं आणि साहेबानं लिहिलं, की या माणसाची आणखी एक बायको मैंदर्गीत जिवंत आहे. दाखला नामंजूर झाला.

वेणीमाधवरावांनी ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "अगं, झाडाला कुणी बायको म्हणून सरकारात मांडतं का?" गोजरबाई खाली बसून ढसाढसा रडली. मग त्यांनीच फेरअर्ज लिहिला, मैंदर्गीच्या पाटलाकडून त्या ठिकाणी कुणी बाई राहत नाही असं लिहून आणलं आणि खटपटी करून पुन्हा जबाब घ्यायची मंजुरी मिळवली. पण एक गोष्ट त्यांनी बजावली. साहेबाला झाडबीड समजवायला जाशील तर तो खोटेपणाच धरेल. दोघी मेल्या, मी तिसरी, एवढं सरळ बोलायचं. ही शेवटची संधी. ही गेली तर नवरा तिकडं आणि ती इकडं, जन्मभर.

घरी शिवबाईनं आकाशपाताळ एक केलं. नको जाऊस, म्हणाली, लांब राहील पण भाऊ माझा जगेल तरी. गोजरबाई म्हणाली, "आक्का, लांब ऱ्हाऊन ऱ्हाऊन मीच मरायला लागले." नणंद-भावजयीचं बोलणं बंद पडलं. एका चुलीवर दोघी आपापल्या भाकऱ्या थापू लागल्या.

तो शब्द गोजरबाईच्या तोंडून निघेचना. वेणीमाधवराव विचारायचे, कितवी? ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभी राहायची. अगं, नुसता शब्द आहे, ते म्हणायचे, शब्दानं कुणी मरत नाही. मग गिरणीतून सुटली की रोज लिंबाखाली यायचं, त्यांनी विचारायचं आणि तिनं म्हणायचं, असं ठरलं. आधी पुटपुटली, मग हळू म्हणाली, मग जरा मोठ्यानं. पुढं पुढं गिरणीत हात चालताना आपसूक ओठ हलायला लागले. रात्री देवापुढं ती नाक घासून माफी मागायची आणि सकाळी पुन्हा घोकायची.

दुसऱ्या जबाबाच्या दिवशी साहेबानं विचारलं आणि तिनं ताडकन सांगितलं, "तिसरी." साहेबानं सही केली. इतकी वर्षं जे हललं नव्हतं, ते पान खाऊन होईपर्यंत झालं.

दाखला हातात आला. गोजरबाईनं एक ट्रंक घेतली, दोन लुगडी घेतली, हिंदुरावाला आवडते म्हणून शेंगदाण्याची चटणी कुटली. शिवबाईसुद्धा विरघळली, भावासाठी स्वतःच्या हातानं सांडगे घालायला बसली. आपलंच चुकलं असेल, म्हणाली, देव एवढा निर्दय नसतो.

देवाचं काय सांगावं! बोटीची वाट बघत असतानाच डर्बनहून पाकीट आलं. गोजरबाई ते घेऊन हसतच लिंबाखाली गेली. वेणीमाधवरावांनी वाचायला सुरुवात केली. धुलाईखान्यातल्या सोबत्यानं लिहिलं होतं. हिंदुराव तापानं आठ दिवस आजारी होता, नवव्या दिवशी गेला. तिकडंच अग्नी दिला.

ती रडली नाही. मीच खाल्लं त्यास्नी, एवढंच म्हणत राहिली. वेणीमाधवरावांनी पत्रावरची तारीख पाहिली, दाखल्यावरची पाहिली, आणि त्यांना जरा धीर आला. बुडत्याला काडी द्यावी तसं ते म्हणाले, "गोजरबाई, ऐक माझं. तू साहेबापुढं बोललीस त्याच्या आधीच तो गेला होता. पंधरा दिवस आधी. तुझ्या बोलण्याचा आणि त्याचा काही संबंध नाही."

गोजरबाईनं थोडा वेळ हिशेब केला.

"सायबाफुडं नंतर बोलले," ती म्हणाली. "पर त्याच्या आदी महिनाभर हितं रोज बोलत हुते की. तुमीच म्हनवून घेत हुता."

वेणीमाधवरावांनी पत्राची घडी घातली. खरंच, म्हणवून घेणारे तेच होते.