शौनकच्या मरणाचं कारण

चित्रलेखा दाबके पुण्यात अकरा वर्षं शाळेत इतिहास शिकवत होती. नवऱ्याच्या, श्रीनिवासच्या, आयटीतल्या नोकरीपायी ती मेलबर्नला आली आणि इथल्या एका युनिव्हर्सिटीत तिला काम मिळालं ते मेलेल्यांचं. अठराव्या शतकातल्या इंग्लंडात कुणी अचानक दगावलं की कोरोनर, म्हणजे मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी, गावातली डझनभर माणसं जमवायचा, त्यांना प्रेत दाखवायचा, साक्षी घ्यायचा आणि मरणाचं कारण लिहायचा. त्या जुन्या कागदांचे फोटो बघून मजकूर कॉम्प्युटरवर उतरवायचा, एवढंच तिचं काम.

एक शेरा सारखा यायचा: ‘ईश्वरी इच्छेने मृत्यू’. पुष्कळदा ते खरंही असेल. पण एका मोलकरणीच्या कागदावर तोच शेरा होता, आणि त्याच कागदात शेजारणीची साक्ष होती, की मालकिणीने पोरीला तीन दिवस उपाशी ठेवून कोळशाच्या कोठीत कोंडलं होतं. बारा पुरुषांनी हे ऐकलं आणि तरी सह्या ठोकल्या. त्या दिवशी घरी येऊन चित्रलेखा भांडी आपटत राहिली.

“अडीचशे वर्षांपूर्वीच्या पोरीसाठी आपली भांडी का फोडतेस?” श्रीनिवास म्हणाला.

मेलबर्नच्या कडेला पॉइंट कुकमधल्या त्यांच्या घरातली मागची खोली शौनकला दिलेली होती. कराडकडचा पोरगा, तेवीस वर्षांचा. तेव्हा भारतातून विद्यार्थ्यांची रीघ लागलेली. कुणी कुकरीला, कुणी केस कापायच्या कोर्सला, आणि डोळा सगळ्यांचा पीआरवर, म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्यावर. शौनक कुकरी शिकत होता, पण साधा भात त्याला चित्रलेखानेच लावायला शिकवला. कॉलेज नसेल त्या दिवशी तो हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या एका लॉन्ड्रीत राबायचा.

२००९च्या जानेवारीत पारा सलग तीन दिवस त्रेचाळीसच्या वर गेला. त्यातल्या दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला तिनेच त्याला गाडीने लॅव्हर्टन स्टेशनला सोडलं. अकराला त्याचा मेसेज आला, ‘काकू, इथे भट्टी आहे. यायला उशीर होईल.’ दुपारी दोनला तो चादरी वाळवायच्या ड्रायरसमोर कोसळला. हॉस्पिटलात पोचला तो गेलेलाच.

लॉन्ड्रीच्या मॅनेजरने पोलिसांना सांगितलं, मुलगा एक वाजता कामावर आला, आला तेव्हाच आजारी दिसत होता. हजेरीच्या कागदावरही एकचीच वेळ होती. पोलिसाने लिहून घेतलं: हृदयविकार असावा, मृत्यू स्वाभाविक.

“मी सकाळी साडेपाचला सोडलाय त्याला!” चित्रलेखा म्हणाली.

“स्टेशनवर सोडलंत,” पोलीस शांतपणे म्हणाला. “कामावर नाही.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. देवाचं नाव काढून टाकलं होतं, बाकी शेरा तोच! त्यात शौनकच्या आईचा, शोभाताईंचा फोन. “अहो, गावात बोलतायत, पोरगा नशापाणी करत होता म्हणून. त्याचं हृदय चांगलं होतं हो. खरं काय ते मला कुणीतरी लिहून द्या.”

कोरोनर इथे अजूनही असतो. तिने त्याला पत्र लिहिलं, उघड सुनावणी मागितली. “आपण इथे नवे,” श्रीनिवास म्हणाला, “कशाला यात पडतेस?”

“तो आपल्या घरातून गेला, श्रीनिवास. मी नाही पडायचं तर कुणी?”

साक्षीदार एकच होती. नुपूर, त्याच ड्रायरवर काम करणारी नागपूरची मुलगी. ती आधी भेटेचना. भेटली तेव्हा रडायलाच लागली. “काकू, टर्म चालू असताना आठवड्याला वीसच तास काम करता येतं. आमचे वरचे तास ते लिहीतच नाहीत. मॅनेजर म्हणतो, तू बोललीस तर तुझाच व्हिसा जाईल.”

“आणि तो गेला त्याचं काय?” चित्रलेखा ताडकन बोलून गेली, आणि पोरीचा चेहरा बघून वरमली. धमकी देणारे ते, आणि आपण ओरडतोय हिच्यावर! तिने माफी मागितली. मग नुपूरला घेऊन मोफत सल्ला देणाऱ्या वकिलाकडे गेली. त्याने धोका होता तो स्पष्ट सांगितला, लपवला नाही. नुपूरने चार दिवस विचार केला आणि स्वतःच फोन केला, “येते मी.”

सुनावणीला वर्ष लागलं. कोर्टात नुपूर एकेक शब्द स्पष्ट बोलली. “आम्ही सहाला आलो. पंखे बंद होते, कापसाची धूळ उडते म्हणून. बाराला शौनक म्हणाला, चक्कर येतेय, पाणी पिऊन येतो. मॅनेजर म्हणाला, ‘आणखी दहा ट्रॉल्या, दोस्ता.’ शौनक पडल्यावर मॅनेजरने आधी हजेरीचा कागद बदलला, मग अँब्युलन्स बोलावली.”

मॅनेजर छताकडे बघत होता. सुनावणी संपल्यावर तो बाहेर चित्रलेखाकडे आला, “तुमच्या दुःखात सहभागी आहे. आमची लॉन्ड्री म्हणजे एक कुटुंबच.”

“कुटुंबातला माणूस पडला तर आधी पाणी देतात,” ती म्हणाली. “कागद नाही शोधत.”

निकालात कोरोनरने ‘स्वाभाविक’ शब्द काढून टाकला. मृत्यू उष्माघाताने झाला, आणि कामाच्या जागेच्या परिस्थितीने त्याला ‘कॉन्ट्रिब्यूट’ केलं. प्रकरण पुढे खटल्यासाठी गेलं, पण तोवर कंपनी गुंडाळली होती आणि त्याच शेडमध्ये नव्या नावाने चादरी धुतल्या जात होत्या. नुपूरचा व्हिसा वाचला, पण तो रद्द झाल्याचं पत्र असेल म्हणून कित्येक महिने ती पोस्टाची पेटी दिवस दिवस उघडायची नाही.

शोभाताईंसाठी चित्रलेखाने निकाल मराठीत उतरवायला घेतला. ‘कॉन्ट्रिब्यूट’पाशी ती अडली. श्रीनिवास म्हणाला, “हातभार लागला, असं लिही.”

“हातभार मदतीला लावतात!” ती कडाडली, आणि ठळक अक्षरांत लिहिलं, ‘कारणीभूत’.

महिन्याभराने शोभाताईंचा फोन आला. ग्रामपंचायतीच्या सभेत त्यांनी तो कागद उभं राहून, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला होता.

“मधे कुणी बोललं का?” चित्रलेखाने विचारलं.

“कुणाची छाती आहे?” शोभाताई म्हणाल्या.