दोन बॅटऱ्या, एक बोल्ट

बोईसरजवळच्या दांडीच्या किनाऱ्यावर पडलेलं ते घरी बांधलेलं विमान माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. दसरा नुकताच झाला होता. ओहोटीच्या चिखलात दोन आसनांचं विमान नाक खुपसून पडलं होतं. ते बांधणारा आणि उडवणारा तरुण इंजिनिअर जागीच गेला होता.

पंचनामा लिहिताना हवालदार हळूच म्हणाला, "साहेब, ट्रक असता तर डोळे मिटून लिहिला असता. याची सुरुवात कुठून करू?"

"चाकापासून कर," मी म्हणालो. मलाही दुसरं सुचलं नाही.

अकस्मात मृत्यूची नोंद झाली. होडीवरच्या एका कोळ्यानं जबाब दिला, "इंजान खोकला नाय, धूर नाय. एकदम गप झाला."

संध्याकाळी ठाण्यात निनावी फोन आला. दसऱ्याच्या आधी मेलेल्या मुलाच्या मित्राला विमानाच्या तारा सोडताना कुणीतरी पाहिलं होतं. बोईसरच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले मुलाचे वडील ते ऐकताच उसळले. "वायरिंग सगळं त्याचंच. त्यानंच मारला माझा पोरगा. लिहून घ्या तक्रार."

मित्र दांडीचाच, कारखान्यात पॅनेलचं वायरिंग करणारा. त्याला समोर बसवलं.

"तारा सोडल्यास?"

"सोडल्या."

"कशासाठी?"

"सोडल्या, साहेब. बाकी काय लिवायचा ता लिवा."

खोटं बोलणारा माणूस सहसा भरपूर बोलतो. हा एकाच प्रश्नापाशी अडत होता. तो कुणाला तरी झाकतोय, हे माझ्या लक्षात आलं.

विमान खात्याच्या तपासनीसानं मला इंजिन दाखवलं. इंधन किती जावं, ठिणगी कधी पडावी हे ठरवणारी कंट्रोलरची पेटी या इंजिनाला लागते. वीज गेली की पेटी बंद, पेटी बंद की इंजिन बंद. म्हणून मुलानं दोन पेट्या आणि दोन बॅटऱ्या बसवल्या होत्या. पण दोन्हींच्या अर्थिंगच्या तारा सांगाड्यावर एकाच बोल्टखाली आणल्या होत्या. त्या बोल्टखाली ताजा निळा रंग होता आणि रंगावर जळल्याचं काळं कडं. रंगातून वीज जात नाही. बोल्टच्या आट्यांतून कसाबसा चाललेला प्रवाह हवेतल्या थरथरीनं तुटला होता.

तसाच निळा रंग मी मुलाच्या वडिलांच्या घरी खिडकीच्या गजांवर पाहिला होता.

मित्राला विचारलं, "खंडेनवमीच्या पूजेसाठी रंग त्याच्या वडिलांनी दिला ना?"

तो रडायलाच लागला. "यंत्राला रंग दिल्याबिगर हार घालायचा नाय, ही त्यांची कारखान्यातली रीत. काकांना रंग देता यावा म्हणून मी तारा सोडून ड्युटीवर गेलो. माज्या दोस्तानं घाईत त्या रंगावरच बसवल्या. साहेब, काकांना नका सांगू. माज्यावर घ्या."

"खोटा जबाब मी घेत नाही."

मी स्वतः वडिलांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, "रंग मीच दिला. बाबा, झकास दिसतंय, म्हणाला होता." उठून त्यांनी चपला घातल्या. ठाण्यात येऊन त्या मित्राला म्हणाले, "गाढवा, तोंड होतं ना तुला? चल घरी. काकू जेवायची थांबलीय."

गेल्या वर्षी माझी पत्नी गेली. माणसं माझ्यासमोर विषय बदलत. ती कशानं गेली, हे मला मात्र कुणाकडून तरी सरळ ऐकायचं होतं. शोकातल्या माणसाला खरं झेपणार नाही, असं आपणच ठरवतो. त्या दिवशी मी गप्प बसलो असतो, तर तो बाप आपल्या मुलाला जीव लावणाऱ्या एकमेव मित्राचा जन्मभर द्वेष करत राहिला असता.