तांडेलाने राखलेली जागा

“दोनदा सांगणार नाय.”

हे तांडेलाचं वाक्य. ते म्हणताना तो समोरच्याकडे बघत नसे. उजव्या हाताची तर्जनी तेवढी खाली यायची. होडीवर हे शोभून दिसे. वारा फिरला की होडी हाकणाऱ्या तांडेलाचा शब्द एकदाच येतो आणि खलाशांनी तो झेलायचा असतो. अडचण एवढीच, की मिऱ्या बंदराला पाय लागले तरी त्याच्यातला तांडेल होडीवरून उतरत नसे. बायकोलाही तो खलाशीच समजायचा.

मी तेव्हा रत्नागिरीतल्या एका दैनिकात बातमीदार होतो. बंदर आणि मासळी बाजार माझ्याकडे होते. साल १९९८. तांडेल अंगाने सडपातळ, आवाज मात्र दोन होड्यांचा. दारूला तो शिवत नसे, त्यामुळे त्याच्या रागाचं खापर फोडायला बाटलीही नव्हती.

बायको बाजारात मासे विकायची. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे : पुरुष मासा आणतो, बाई विकते. त्या हंगामाच्या सुरुवातीला तिचं मनगट मोडलं. ओट्यावरून पाय घसरला, असं वाडीत सांगितलं गेलं. प्लास्टरमधला हात घेऊन ती एस्टीने हर्णैला बहिणीकडे निघून गेली. बाजारात तिच्या शेजारी बसणाऱ्या मावशीला जाताना म्हणाली, “परत यायचं की नाय ते मी ठरवीन. त्यानं न्यायला येऊ नये.”

बाजारातल्या जागेला कागद नसतो. जी बसते, तिची जागा. ती काही आठवडे रिकामी राहिली की शेजारणींच्या पाट्या दोन्ही बाजूंनी सरकत येतात. लग्न होऊन आल्यापासून धरलेली ही जागा गेली, तर रत्नागिरीत परत यायला तिच्याकडे कारणच उरलं नसतं. हे तांडेलालाही कळत होतं.

एका सकाळी त्याने सुकाणू धाकट्या भावाच्या हाती दिलं आणि बंदरावरच्या लिलावात घेतलेली मासळीची पाटी घेऊन तो त्या जागेवर येऊन बसला.

“तांडेल, लुगडं घरीच विसरलाव काय?” एकीने विचारलं. बाजार खदाखदा हसला. त्याची तर्जनी उठली आणि तशीच अधांतरी राहिली. मग तो मान खाली घालून वाटे लावू लागला.

तिथेही चुकला. होडीवर खलाशांचे वाटे करतात तसे त्याने बांगड्यांचे वाटे केले. मोठ्याला मोठा, बारक्याला बारका, सगळे सारखे. वर ठेवायला एखादा जास्तीचा मासा हाताशी राखलाच नाही. भाव एकदा सांगितला. गिऱ्हाईक म्हणालं, “थोडं कमी करा की.”

“दोनदा सांगणार नाय.”

गिऱ्हाईक पुढच्या पाटीपाशी गेलं. दुपारपर्यंत वाटे जागच्या जागी होते.

“दर्यातला मासा गप असतो, तांडेल,” मावशी म्हणाली. “गिऱ्हाईक बोलतं. बोलू द्या त्याला.”

“तेच तेच किती ऐकायचं?”

“आमी ऐकलं नाय जन्मभर?”

तो रोज येत राहिला. समोरची बाई कितीही तिखट बोलली तरी तिचं वाक्य संपू देऊ लागला. “बरं, तुमचं काय म्हणणं?” असं त्याने एका गिऱ्हाइकाला विचारलं, तेव्हा मावशीने माझ्याकडे बघून डोळे मोठे केले.

नेहमी येणाऱ्यांत एक निवृत्त गुरुजी होते. एकदा पिशवी पुढे करत ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “बायको पडली म्हणून तिच्या जागी बसणारा नवरा मी प्रथमच पाहिला. धन्य आहात!” आजूबाजूच्या दोघीतिघींनी मान डोलावली. तांडेल गप्प राहिला असता तरी चाललं असतं.

“पडली नाय, गुरुजी,” तो म्हणाला. “मी ढकलली.”

मासे कापणाऱ्या कोयत्या थांबल्या. गुरुजी मासे न घेताच निघून गेले. मावशीने आपल्या पाटीवर पाणी शिंपडलं.

“आमाला ठाव हाय,” ती म्हणाली. “तुमी कवा बोलता, ते बघत हुतो.”

बर्फाच्या टेम्पोबरोबर ही बातमी हर्णैला पोचली असावी. काही दिवसांनी बायको आली. प्लास्टर निघालं होतं, मनगट किंचित वाकडं राहिलं होतं. तिने वाट्यांकडे बघितलं, एका वाट्यातला बांगडा उचलून दुसऱ्यावर ठेवला आणि म्हणाली, “सरा.” तो नुसता सरकला नाही, उठून उभा राहिला.

घरी मात्र ती गेली नाही. मावशीकडे राहिली. तो रोज लिलावातली पाटी डोक्यावरून आणून तिच्यापुढे ठेवायचा आणि निघून जायचा. मावशी डिवचायची, “विचारा की तिला एकदा!”

“ती ठरवणार हाय,” तो म्हणायचा.

तो गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. बंदरावर विचाराल तर लोक त्याने वादळातून आणलेल्या होडीबद्दल बोलतील. मला आठवते ती शिमग्याच्या आधीची दुपार. बाजार उठला होता. तो रिकामी पाटी उचलायला आला होता. हात धुताधुता, वर न बघता तिने विचारलं, “घरात मीठ हाय?”

तो गडबडला. “संपलंय.”

“कवा?”

“झाले बरेच दिवस.”

तिने पदराला हात पुसले आणि चालू लागली. तो मागे, रिकामी पाटी डोक्यावर. वळणावरच्या वाण्याच्या दुकानात ती शिरली. ती बाहेर येईपर्यंत तो रस्त्याच्या कडेला उन्हात उभा राहिला.