नम्र स्मरण

औषधोपचारांवरचं सगळं संशोधन चाळून डॉक्टर मंडळी आढावे लिहितात. ते छापण्याआधी दुसऱ्या तज्ज्ञाकडून तपासून घेणं, हे माझं भाईंदरच्या घरात बसून चालणारं काम. असाच तपासायला दिलेला गुडघेदुखीवरचा एक आढावा एक बडे डॉक्टर वर्षभर उशाला घेऊन झोपले. मी आपली दर महिन्याला ‘नम्र स्मरण’ पाठवतेय. गळक्या नळासाठी केबिन रोडच्या प्लंबरला मात्र मी रोज हिंदीत झापत होते.

अखेर डॉक्टरांचा अभिप्राय आला: “यात गेल्या वर्षभरातलं संशोधनच नाही. आढावा शिळा झालाय. पुन्हा करा.”

मी दातओठ खात उत्तर लिहिलं, “आपण दिलेल्या अमूल्य वेळेबद्दल मनःपूर्वक आभार.”

मग प्लंबरला फोन लावला. नळ त्याने कालच नीट केला होता. तरी झापला.