सातबाऱ्यावरची पऱ्हाटी

कापसाचे भाव कोसळले, तेव्हा दिग्रसभोवतालच्या शेतांत प्लॉट पडू लागले. घराच्या हौसेने मीही एकाचा इसार देऊन बसलो.

तहसीलीसमोर स्टॅम्प विकणारे एक चाचा स्टॅम्प देण्याआधी सातबारा मागून घेत आणि चष्मा कपाळावर सरकवून वाचत. माझा वाचून म्हणाले,

"साहेब, यात पीक कापूस लिवलं हाय. जमीन एनए नाही, शेतीचीच हाय, बँक घराले कर्ज देनार नाही. पऱ्हाटीत झोपता काय?"

मला राग आला. मी शेजारच्या विक्रेत्याकडून स्टॅम्प घेतला आणि प्लॉट नावावर केला. बँकेने कर्ज नाकारलं, घर बांधायचं राहिलंच.

पुढे चाचा भेटले की गंभीर चेहऱ्याने विचारत, "पऱ्हाटी कशी हाय?"

आता मी तिथे खरंच चार ओळी पऱ्हाटी लावतो. बोंडं छान धरतात. विचारायला चाचा नाहीत.