बाबांनी पाहिलेला आजार

बाबांनी गांधीबागेच्या बाजारात आयुष्यभर कापड विकलं. रक्ताचा कर्करोग दुसऱ्यांदा उलटला, तेव्हा डॉक्टर मॅडमनी त्यांना एका नव्या औषधाच्या अभ्यासात भाग घ्याल का, असं विचारलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, आधी मले तो आजार दाखवा. पाहिल्याशिवाय कसं समजन?"

मला संकोच वाटला, पण मॅडम आम्हाला खरंच प्रयोगशाळेत घेऊन गेल्या. बाबांच्या कमरेच्या हाडातून काढलेल्या मज्जेची काच त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. बाबा चष्मा काढून बराच वेळ पाहत राहिले.

"ह्या मोठ्या जांभळ्या दिसून राहिल्या, त्या बाहेरून आल्या काय?"

"नाही काका, तुमच्याच पेशी आहेत. वाढणं कुठे थांबवायचं, ते विसरल्यात."

"काहून विसरल्या?"

"ते अजून पूर्ण कळलेलं नाही. तेच शोधतोय आम्ही."

हे ऐकून बाबा घाबरतील असं मला वाटलं. उलट त्यांचा चेहरा उजळला. इतके दिवस त्यांना वाटत होतं, डॉक्टरांना सगळं ठाऊक आहे आणि ते आपल्यापासून लपवताहेत. त्यांनी अभ्यासात नाव दिलं.

सुरुवातीला औषधाने ताप आला, थकवा आला. मग त्या पेशी कमी होत गेल्या. आजार पुरता गेलेला नाही. बाबा मात्र दर खेपेला नवा प्रश्न घेऊन जातात. परवा त्यांनी विचारलं, "माह्यावर लागू पडलं अन् दुसऱ्यावर नाही, असं काहून?"

मॅडम हसल्या आणि खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसल्या.