आखूड बांधलेली बोट

आधीच सांगतो, मी डिझेल मेकॅनिक आहे. आवाज आला की बेअरिंग बघायचं, काळा धूर आला की नोझल बघायचं — एवढीच माझी श्रद्धा. गावाकडे कोणाच्या अंगात यायला लागलं की मी चप्पल घालून सरळ बाहेर पडतो. या सदरातले भुताखेतांचे अनुभव वाचून मी कितीदा तरी हसलोय, खोटं कशाला बोलू. म्हणूनच हे चार वर्षं कोणाला सांगितलं नाही. पण यात तीन जिवांचा प्रश्न होता, आणि त्यातला एक जीव तर तासाभराचाही नव्हता... आता पोटात ठेववत नाही, म्हणून लिहितोय.

मी नंदुरबार तालुक्यातल्या कोरीटचा. घरी शेती, बैलजोडी. आयटीआय करून नोकरी लागली ती थेट पाण्यावर. अक्कलकुव्याहून मोलगीच्या पुढे डोंगर उतरत गेलं की नर्मदेचं बॅकवॉटर लागतं. काठावरच्या बऱ्याच पाड्यांना धड रस्ता नाही, म्हणून तिथे दवाखानाच बोटीवर. पुढे तपासणीची खोली, मागे इंजिन, मध्ये दोन केबिन आणि स्वयंपाकाचा ओटा. पंधरा-पंधरा दिवस आम्ही तिथेच राहायचो. मी, सिस्टर आणि खात्र्यादादा नावाचे काठावरच्याच एका पाड्यातले वयस्कर खलाशी. डॉक्टर आठवड्यातून दोनदा दुसऱ्या बोटीने यायचे. सिस्टर प्रकाशा गावच्या, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. त्यांच्याशी अहिराणीत बोलता यायचं, नाहीतर मी तिथे वेडाच झालो असतो.

लोकांना वाटतं बोटीवर राहणं म्हणजे मज्जा. एकदा राहून बघा. सकाळी उठल्या उठल्या तळात साचलेलं पाणी पंपाने उपसायचं. मग सोलरच्या पाट्या पुसायच्या, बॅटरीत पाणी बघायचं, डिझेलच्या फिल्टरमधला गाळ काढायचा. संडासाची टाकी तुंबली तर तीही मीच बघायची. झुरळं तर विचारूच नका. आणि गंज! इथे खरवडून रेड ऑक्साइड मारावा तर तो तिथे फुगून येतो. हात रिकामा म्हणून कधी राहत नाही, आणि पायाखाली जमीन अशी नाहीच. सगळं सतत किंचित हलत असतं. मला झोप लागायची, पण विश्रांती म्हणून मिळायची नाही.

या सगळ्यात माझं एक काम होतं दोर बांधायचं. बोटीचा मागचा नांगर पाण्यात टाकलेला असे आणि नाकाचा दोर काठावरच्या एका सागाच्या बुंध्याला. आता मी शेतकऱ्याचा पोरगा. बैल कसा बांधतात हे मला चालता येण्याआधीपासून माहीत. आखूड दावं, बुडाशी गच्च गाठ, म्हणजे जनावर पाय अडकवून घेत नाही. मी बोटही तशीच बांधायचो. दोर लांब सोडला की वाऱ्याने बोट झुलायची, खडकाला घासायची आणि मी आदल्याच दिवशी मारलेला रंग निघून जायचा. माझा जीव त्या रंगात अडकलेला.

सिस्टरांनी पहिल्याच पावसाळ्यात मला टोकलं होतं. "सुनील भाऊ, दोर लांब ठेव. बोट शे ती, बैल नही." पाणी चढलं तर बोट वर येणार आणि आखूड दोर तिचं नाक खाली ओढून धरणार, हे त्यांना कळत होतं आणि मेकॅनिक असून मला कळत नव्हतं. म्हणजे कळत होतं, पण पाणी काय असं एकदम चढतं का, असं मी म्हणायचो.

तर त्या भाद्रपदात विचित्र प्रकार सुरू झाला. मी दोर आखूड बांधायचो आणि दुपारी जेवून जरा आडवा होऊन उठलो की दोर सुटलेला असायचा. म्हणजे बोट मोकळी नाही, बांधलेलीच. पण पंधरा-वीस फूट लांब दोर सोडून, बुंध्याला वरच्या बाजूला आणि भलत्याच गाठीने. चपटी गाठ, शेवट वरच्या अंगाला खोचलेला. एक हिसका दिला की सुटणारी, पण बोटीच्या ओढीला हूं की चूं न करणारी. मला असली गाठ येत नाही.

पहिला संशय अर्थातच सिस्टरांवर. त्या म्हणाल्या, त्यांना साडीच्या निऱ्या नीट घालता येत नाहीत, दोराची गाठ कुठून येणार. मग खात्र्यादादांना पकडलं. त्यांनी गाठीवरून अंगठा फिरवला. मग मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाले की नदी वाहती होती तेव्हा, पूर चढायला लागला की त्यांच्या बापाच्या वेळची माणसं नावा अशा बांधायची. त्यांना स्वतःला ही गाठ कधी जमली नाही. आता ती कोणाला येते? तर कोणालाच नाही, म्हणाले. मला वाटलं, म्हातारा माझी फिरकी घेतोय.

तीनदा झालं, चारदा झालं. माझं डोकं इतकं फिरलं की जेवणात लक्ष लागेना. सारखं खिडकीतून त्या झाडाकडे बघायचो. बघत असलो की काही नाही... आणि पंप सुरू करायला मागे गेलो, की परत आल्यावर दोर लांब. रंग पुन्हा खरवडलेला. पाचव्या दिवशी सकाळी मी इंजिनखोलीतून पक्कड आणि जाड तार काढली. दोर आखूड केला, बुडाशी माझी गाठ मारली आणि त्या गाठीवर, बुंध्याभोवती, तारेचे बारा पीळ दिले. मोजून बारा. आता सोड म्हटलं, कोण आहेस तो. हे मी मोठ्याने म्हणालो होतो. पक्कड परत नेऊन जागेवर ठेवली.

त्याच दिवशी अकराच्या सुमाराला एक बाई आली. पहिलटकरीण, कळा सुरू झालेल्या. सोबत फक्त नवरा. डॉक्टरांचा तो दिवस नव्हता. सिस्टरांनी तिला आत घेतलं आणि मला सांगितलं की ऑक्सिजनचं सिलेंडर संपत आलंय, वर रस्त्यावर जीप नवीन घेऊन येणार आहे, ते आणा. डिझेलचे कॅनही यायचे होते. मी, खात्र्यादादा आणि त्या बाईचा नवरा असे तिघे डोंगर चढून गेलो. जायला एक तास, जीपची वाट बघण्यात पाऊण तास. आमच्या इथे पाऊस नव्हता, नुसतं ढगाळ होतं. वर कुठेतरी मात्र झोडपलं असणार.

परत येताना शेवटच्या वळणावरून पाणी दिसतं. तिथे खात्र्यादादा थांबले. सकाळी जिथे आम्ही उडी मारून उतरलो होतो तो खडक दिसत नव्हता. सागाचा बुंधा बुडाला होता, मधलं खोड पाण्याबाहेर. चार-पाच फूट पाणी चढलं होतं, आणि अजून चढत होतं.

मला पहिली आठवण झाली ती पक्कडीची. ती बोटीत होती. बारा पीळ हाताने उलगडायचे नव्हते, आणि तेही पाण्याखाली. बोटीच्या पुढच्या भागातच ती बाई टेबलावर होती. नाक बुडालं की पाणी सगळ्यात आधी तिथे शिरणार. सिलेंडर मी कुठे टाकलं मला आठवत नाही. मी पळत सुटलो, दोनदा पडलो. तोंडाने काय बडबडत होतो देव जाणे. बाजूने त्या बाईचा नवरा पळत होता आणि त्याला अजून कळलंच नव्हतं की मी का पळतोय.

खाली पोचलो तर बोट सरळ उभी होती. झाडापासून वीस फूट लांब, निवांत, नाक वर. दोर ढिला.

मी कपड्यांसकट पाण्यात उतरलो, छातीपर्यंत. दोर खोडाला पाण्याच्या दोन हात वर बांधलेला होता. तीच चपटी गाठ, शेवट वर खोचलेला. मग श्वास धरून खाली गेलो आणि बुंध्याशी हात लावला. तार तिथेच होती. पीळ बोटांनी मोजले, बारा. एकही उलगडलेला नव्हता, तार कुठे तुटलेली नव्हती. फक्त तारेच्या आत काहीच नव्हतं, माझी गाठही नाही. तो दोर अंगठ्याएवढा जाड, त्या तारेतून करंगळी सरकत नव्हती. मी पुन्हा वर आलो, पुन्हा खाली गेलो, पुन्हा मोजले.

तेवढ्यात सिस्टर दारात आल्या. हातात हिरव्या कपड्यात गुंडाळलेलं बाळ, मुलगा. त्या रडत होत्या आणि हसत होत्या. म्हणाल्या, मध्येच बोट पुढून खाली जायला लागली, ट्रे घसरला, पाणी उंबऱ्याशी आलं, आणि बाळाचं डोकं बाहेर आलेलं. तिला सोडून उठणं शक्यच नव्हतं. मग एकदम हिसका बसला आणि बोट सरळ झाली. मला झाडाशी पाण्यात उभा बघून त्या म्हणाल्या, "भाऊ, तू टाइमवर ऊना. दोर सोडी दिधा म्हनीसन आम्ही वाचनूत."

मी ओल्या कपड्यांनी काठावर आलो. नवऱ्याने माझे दोन्ही हात धरले आणि कपाळाला लावले. खात्र्यादादांना खरं माहीत होतं, ते माझ्यासोबतच वर होते. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि कॅन आणायला परत वर गेले. त्यांनी तो विषय पुढे कधीच काढला नाही.

काठावर कोणी आलं असेल का, याचा मी फार विचार केलाय. वाट एकच, त्या वाटेवर आम्हीच होतो. पाण्यातून कोणी आलं असतं तर सिस्टरांना नावेचा आवाज आला असता. आणि आलं तरी बंद तारेतून दोर काढणार कसा?

पण झोप त्यामुळे जात नाही. दरवर्षी त्या पोराचा बाप डोंगर उतरून माझ्यासाठी आंबाडीची भाजी आणि कोंबडा घेऊन येतो. पोराला माझ्या पाया पडायला लावतो. सिस्टर बदलून गेल्या, पण अजून कोणी नवीन भेटलं की माझ्या धावत येण्याची गोष्ट सांगतात. आणि मी मान खाली घालून ऐकतो. लोकांना वाटतं मी लाजतोय.

सिस्टर, तुम्ही हे सदर वाचता, मला माहीत आहे. समोर बोलायची हिंमत होत नाही म्हणून इथे लिहितो... त्या दिवशी दोर मी सोडा नही. तार लाईसन मीच आवळेल व्हता.